एक पाऊल मागे : डॅनियल मेंडोझाची कारकीर्द



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, त्यांचा दिवस तालमीत सुरू व्हायचा आणि वाचनालयात संपायचा. आपल्याकडे म्हणतात, वस्ताद पठ्ठ्याला सगळं शिकवतो, पण एक डाव राखून ठेवतो. गुरुजींनी डाव राखून ठेवला नाही. विचारेल त्याला शिकवला. म्हणून आज मी अशा एका लढवय्याबद्दल बोलणार आहे, ज्यानं आपले सगळे डाव छापून टाकले. पैसे मोजेल त्याच्या हाती ते पुस्तक पडत होतं, आणि त्यात त्याचे प्रतिस्पर्धीही आले. त्याचं नाव डॅनियल मेंडोझा. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडचा मुष्टियुद्धाचा विजेता होता.

विजेता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एखादा धिप्पाड देह उभा राहतो. मेंडोझा तसा नव्हता. उंची पाच फूट सात इंच, वजन साधारण १६० पौंड, म्हणजे त्र्याहत्तर किलोच्या आतबाहेर. त्या काळी वजनी गट नव्हते. समोर येईल त्या जोडीशी लढायचं, मग ती शंभर किलोची का असेना. अशा जगात या माणसानं नुसती कुस्ती मारली नाही, कुस्तीचा विचारच बदलला. मुष्टियुद्धाला कुस्ती म्हणतोय, ही चूक नव्हे. त्या काळचं मुष्टियुद्ध खरोखरच निम्मं कुस्तीसारखं होतं, ते पुढं सांगतो.

आधी तो कुठल्या घरचा, ते पाहू. जन्म १७६४ किंवा १७६५चा, लंडनच्या पूर्व भागात, ऑल्डगेटच्या आसपास. घराणं ज्यू, त्यातही स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या सेफार्दी ज्यूंपैकी. इंग्लंडनं १२९० साली राजाज्ञा काढून आपल्या देशातले सगळे ज्यू हाकलून दिले होते. जवळजवळ पावणेचारशे वर्षांनी, १६५६च्या सुमारास, क्रॉमवेलच्या काळात त्यांना पुन्हा राहू देण्यात आलं. १७०१ साली बेव्हिस मार्क्स इथं त्यांचं मोठं प्रार्थनामंदिर उभं राहिलं, ते आजही आहे. पण राहू देणं वेगळं आणि आपलं मानणं वेगळं. १७५३ साली परदेशात जन्मलेल्या ज्यूंना नागरिकत्व मिळवता यावं, असा कायदा पार्लमेंटनं केला. त्याविरुद्ध इतकं काहूर माजलं की त्याच वर्षी तो मागं घ्यावा लागला. मेंडोझा जन्मला तेव्हा ही गोष्ट लोकांच्या आठवणीत ताजी होती. जुने कपडे विकत फिरणाऱ्या ज्यू फेरीवाल्याची दाढी ओढणं, त्याला चिखलानं माखणं, लाथा घालणं हा लंडनच्या रस्त्यावर पोरांचा खेळ होता आणि मोठी माणसं तो उभी राहून बघत.

या पोराला घरच्यांनी शाळेत घातलं, धर्माचं शिक्षण दिलं आणि मग कामाला लावलं. पहिलं काम काचेला पैलू पाडणाऱ्या कारागिराकडे. तिथं मालकाच्या मुलाशी मारामारी झाली आणि काम सुटलं. मग भाजीवाल्याकडे. तिथं दुकानात येऊन कुणी ज्यू म्हणून हिणवलं की हा हातघाईवर यायचा. त्यानंतर चहाच्या दुकानात. आत्मचरित्रात त्यानं हे सगळं लिहून ठेवलंय, आणि वाचताना मला जाणवतं ते असं की त्याला मारामारीची खुमखुमी नव्हती. ऐकून घेण्याची सवय त्यानं लावून घेतली नाही, इतकंच.

चहाच्या दुकानातली गोष्ट त्याच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. माल घेऊन आलेला एक हमाल ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागायला लागला, मालकावर धावून गेला. सोळा वर्षांचा मेंडोझा मध्ये पडला. रस्त्यातच रिंगण धरलं गेलं. आता रिंगण धरलं की दोन्ही बाजूंना एकेक साथीदार लागायचा. पडलेल्याला उचलणारा, तोंडावर पाणी मारणारा, गुडघ्यावर बसवून दम घेऊ देणारा. त्यांच्या भाषेत त्याला सेकंड म्हणत. मेंडोझाच्या बाजूनं एक जाणारा-येणारा तरुण आपणहून उभा राहिला. लढत पाऊण तास चालली आणि हमालानं हार मानली. त्या तरुणाचं नाव होतं रिचर्ड हंफ्रीज. पुढं याच हंफ्रीजशी मेंडोझाच्या तीन लढती झाल्या. ज्यानं पहिल्यांदा पाठीशी उभं राहून पाणी पाजलं, तोच पुढं आयुष्यातला सगळ्यांत मोठा वैरी झाला.

आता त्या काळी लढत कशी होत असे ते सांगायला हवं, नाहीतर मेंडोझानं काय केलं ते समजणार नाही.

हातमोजे नाहीत. उघड्या मुठी. सरावासाठी मऊ गुंडाळलेले मोजे होते, पण खऱ्या लढतीत ते कुणी घालत नसे. नियम होते जॅक ब्रॉटन या जुन्या विजेत्यानं १७४३ साली लिहिलेले. ब्रॉटनशी लढलेला जॉर्ज स्टीव्हन्सन पुढं मार लागून दगावला, आणि त्या दुःखातून ब्रॉटननं ते नियम केले, असं सांगितलं जातं. पडलेल्याला मारायचं नाही, कमरेच्या खाली धरायचं नाही, गुडघ्यावर आलेला माणूस पडलेला समजायचा. माणूस पडला की फेरी संपली. मग अर्धा मिनिट मिळायचा. तेवढ्यात साथीदारानं त्याला उभं करून मैदानाच्या मध्यावर आणायचं. आणता आलं नाही की हार. त्यामुळं एखादी फेरी चार सेकंदांची, तर एखादी दहा मिनिटांची. कमरेच्या वर कुठंही धरायला मुभा होती. कमरेवर घेऊन आपटायचं आणि वरून अंग टाकायचं, हा सर्रास वापरला जाणारा डाव होता. म्हणून मी मघाशी कुस्ती म्हणालो.

आणि हे सगळं बेकायदा. १७५० साली ब्रॉटन स्वतः हरला. त्याचा आश्रयदाता ड्यूक ऑफ कंबरलंड याचे पैजेचे पैसे बुडाले आणि मोठ्यांचा आश्रय गेला. त्यानंतर लढती लंडनबाहेर माळांवर, उद्यानांत होऊ लागल्या. मॅजिस्ट्रेटचा माणूस येतोय म्हटल्यावर शेजारच्या परगण्यात पळता यावं अशा जागी. पण पाहायला मात्र राजपुत्रापासून कसायापर्यंत सगळे.

या शौकिनांचा एक आवडता शब्द होता, 'बॉटम'. आपण दम म्हणतो, मार पचवायची ताकद म्हणतो, तसं काहीसं. दोन माणसांनी पायाला पाय भिडवून उभं राहायचं, एकानं मारायचं, दुसऱ्यानं सोसायचं, मग त्यानं मारायचं. ज्याचा दम आधी संपेल तो हरला. ठोसा चुकवण्यासाठी मागं सरकणं म्हणजे भित्रेपणा. हे इंग्रजी मर्दपणाचं लक्षण मानलं जायचं, त्यावर लोक अभिमानानं लिहायचे.

पण या खेळात कोण जिंकणार, ते माणसं मैदानात उतरायच्या आधीच ठरलेलं असायचं. ज्याचं हाड मोठं, ज्याचं वजन जास्त, तो. धैर्याचा म्हणून जो नियम सांगितला जात होता, तो खरं तर थोराड माणसाच्या सोयीचा नियम होता. १६० पौंडांच्या माणसानं तो मान्य केला असता तर त्याची कारकीर्द दोन लढतींत आटोपली असती.

मेंडोझानं तो मान्य केला नाही. तो मागं सरकला. बाजूला झाला. खाली वाकून ठोसा डोक्यावरून जाऊ दिला. कोपरावर, मनगटावर वार अडवला आणि अडवता अडवताच दुसऱ्या हातानं तोंडावर मारलं. डावा हात पुढं ठेवून सरळ रेषेत, खांद्यातून, लागोपाठ मारत राहिला. हात-पाय-नजर यांचा मेळ कसा घालायचा, याचा त्यानं विचार केला आणि आपला पवित्रा घडवला. टीकाकारांना ते आवडलं नाही. हा समोरासमोर लढत नाही, हा लबाडी करतो, असं म्हटलं गेलं. तो ज्यू असल्यामुळं ही टीका करणं फार सोपं होतं. लबाडीचा शिक्का त्या समाजावर आधीच मारलेला होता, तोच त्याच्या पायांच्या हालचालींवर मारायचा.

१७ एप्रिल १७८७ला बार्नेटला त्याची लढत सॅम मार्टिनशी झाली. मार्टिन बाथ गावचा कसाई, नावाजलेला. पाहायला खुद्द प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, आला होता. मेंडोझा जिंकला आणि लोकांनी मशाली पेटवून, गात, मिरवत त्याला लंडनला आणलं. ज्या शहरात त्याच्या समाजाच्या म्हाताऱ्याची दाढी ओढली जायची, त्या शहरात ज्यू माणसाची ही मिरवणूक. त्याच वर्षी त्याचं लग्न झालं, एस्थरशी. लढणं सोडीन असा शब्द त्यानं तिला दिला होता. तो शब्द त्याला पाळता आला नाही, आणि त्याची किंमत त्या घरानं पुढं फार वर्षं मोजली. त्याच सुमारास त्यानं लंडनच्या भर पेढ्यांच्या भागात, बँक ऑफ इंग्लंडजवळच्या कॅपेल कोर्टमध्ये, शिकवणीचा आखाडा काढला.

आणि मग हंफ्रीज.

मैत्री तोवर तुटली होती. ९ जानेवारी १७८८, हॅम्पशरमधलं ओडियम गाव. लाकडी फळ्यांचा मंच, वर पावसाची झड. सुरुवातीला मेंडोझा वरचढ होता. एकदा त्याचा ठोसा निर्णायक ठरणार असं दिसत असताना हंफ्रीजचा साथीदार टॉम जॉन्सन यानं मध्ये हात घालून तो झेलला. हा टॉम जॉन्सन म्हणजे तेव्हाचा इंग्लंडचा विजेताच. मेंडोझाच्या बाजूनं आरडाओरडा झाला. पंचांनी म्हटलं, हंफ्रीज तेव्हा पडल्यात जमा होता, सबब गुन्हा नाही. फळ्या ओल्या होत्या. हंफ्रीजनं बूट काढून लोकरीचे मोजे चढवले आणि त्याचे पाय धरू लागले. मेंडोझाचा पाय मात्र घसरला, घोटा मुरगळला, आणि अर्ध्या तासाच्या आत त्याला हार मानावी लागली. हंफ्रीजनं आपल्या आश्रयदात्याला लगेच चिठ्ठी पाठवली. तिच्यात एका ओळीत दोनच गोष्टी होत्या : त्या ज्यूला निकालात काढलं आणि आपली तब्येत ठीक आहे. मेंडोझाचं नाव त्या ओळीत नव्हतं.

हंफ्रीजला लोक 'जंटलमन बॉक्सर' म्हणत. पुढं ज्यानं मेंडोझाला हरवलं त्या जॉन जॅक्सनलाही 'जंटलमन' म्हणत. मेंडोझा जाहिरातीत 'मेंडोझा द ज्यू' असायचा. तिघेही पैशासाठी उघड्या मुठींनी लढणारे. सभ्यपणा दोघांना बिरुदातच मिळाला होता. तिसऱ्याला तो दर लढतीत नव्यानं सिद्ध करावा लागे. मेंडोझानं मात्र ते 'ज्यू' लपवलं नाही. ते त्यानं स्वतः छापलं, स्वतः मिरवलं.

नंतरचे काही महिने दोघांचं भांडण वर्तमानपत्रांत चाललं. एकानं पत्र छापायचं, दुसऱ्यानं उत्तर. अटी, पैजा, दुखापतीची चौकशी, टोमणे. लढतीच्या आधी शब्दांची लढत आजही आपण पाहतो. ती या दोघांपासून चालत आली आहे, असं म्हणायला हरकत नाही. लोक उत्सुकतेनं ती पत्रं वाचत होते.

दुसरी लढत ६ मे १७८९ला स्टिल्टनजवळ एका उद्यानात झाली. तिच्यासाठी मुद्दाम गोलाकार प्रेक्षागृह बांधलं होतं, जवळजवळ तीन हजार माणसं बसतील असं. करारात एक कलम होतं : ठोसा न लागता जो पडेल तो हरला. हे कलम लक्षात ठेवा. मागं सरकणारा माणूस भित्रा, असं ज्यांना वाटत होतं त्यांचा पट्ठा बाविसाव्या फेरीत ठोसा न लागताच खाली बसला. त्याची बाजू म्हणू लागली, ठोसा अडवला होता, म्हणजे लागलाच. गोंधळ माजला, साथीदार एकमेकांच्या अंगावर गेले. लढत पुन्हा सुरू झाली. हंफ्रीज पुन्हा तसाच पडला. मेंडोझा जिंकला. तिसरी लढत २९ सप्टेंबर १७९०ला डॉनकास्टरला झाली, तासाहून जास्त चालली आणि तीत शंका घ्यायला जागाच राहिली नाही. हंफ्रीजकडून पहिल्या लढतीतलं जे येणं होतं ते पुरतं वसूल झालं.

या दोन-तीन वर्षांत मेंडोझाला जी प्रसिद्धी मिळाली तशी याआधी लढणाऱ्या माणसाला मिळाली नव्हती. दोघांच्या लढतीची चित्रं छापली गेली, चिनी मातीच्या मगांवर रंगवली गेली, घराघरांत त्यांतून बिअर प्यायली जाऊ लागली. नाटकगृहांत मुख्य नाटकाच्या जोडीला मेंडोझाचं प्रदर्शन असायचं. तो ब्रॉटनपासूनच्या जुन्या-नव्या लढवय्यांचे पवित्रे एकामागून एक करून दाखवायचा. म्हणजे हा खेळाचा इतिहासकारही होता. तो त्यानं देहात साठवला होता. स्कॉटलंड-आयर्लंडचे दौरे झाले. विंडसरला तिसऱ्या जॉर्ज राजाशी बोलायला मिळाल्याचंही त्यानं लिहून ठेवलंय.

पण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते १७८९ साली निघालेलं त्याचं पुस्तक, 'द आर्ट ऑफ बॉक्सिंग'. छोटं आहे, त्यात सहा धडे आहेत. धडा म्हणजे काय? गुरूनं अमुक ठिकाणी मारलं तर शिष्यानं अमुक हातानं अडवायचं आणि अमुक ठिकाणी परत मारायचं. मग गुरूनं त्यावर काय करायचं, मग शिष्यानं. वार आणि उतारा, वार आणि उतारा. डाव-प्रतिडाव शिकवताना आपला वस्ताद ज्या क्रमानं जातो, अगदी त्याच क्रमानं. फक्त हा वस्ताद तो क्रम कागदावर उतरवत होता आणि दुकानात विकायला ठेवत होता. तेव्हा तो पंचविशीच्या आसपास होता आणि हंफ्रीजशी हिशेब पूर्ण व्हायचा होता. समोरच्यानं पुस्तक वाचलं तर? ही भीती त्याला वाटली असेलच. तरी त्यानं लिहिलं.

त्याचा परिणाम काय झाला, याचा एक चांगला साक्षीदार आहे. फ्रान्सिस प्लेस नावाचा शिंपी. पुढं तो लंडनच्या कामगार चळवळीतला मोठा कार्यकर्ता झाला. त्यानं तरुणपणी पाहिलेलं लंडन लिहून ठेवलंय. रस्त्यात ज्यूंना हुसकावलं, मारलं, लाथाडलं जायचं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. मग मेंडोझा आला, त्यानं आखाडा काढला, तरुण ज्यू पोरं शिकू लागली, आणि थोड्याच काळात ज्यू माणसाची खोडी काढणं धोक्याचं झालं. एकटा-दुकटा म्हातारा सापडला तर गोष्ट वेगळी, असंही प्लेस प्रामाणिकपणे नोंदवतो. हा अपवाद मला फार महत्त्वाचा वाटतो. लोकांची मनं बदलली नव्हती. त्यांना फक्त अंदाज घेऊन वागावं लागत होतं. कायद्यानं १७५३ साली जे दिलं नाही, ते थोडंफार या आखाड्यातून मिळालं. पुढं सॅम्युअल इलियास, ज्याला डच सॅम म्हणत, त्याच्यासारखे लढवय्ये त्याच समाजातून निघाले.

१७९२च्या मे महिन्यात क्रॉयडनजवळ बिल वॉरला हरवून मेंडोझानं विजेतेपदावर हक्क सांगितला. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १७९४मध्ये, बेक्सली हीथवर त्याच वॉरला त्यानं पाव तासात पुन्हा हरवलं.

मग १५ एप्रिल १७९५. एसेक्समधलं हॉर्नचर्च. समोर जॉन जॅक्सन, वयानं चार-पाच वर्षांनी लहान, उंची पाच फूट अकरा इंच, वजन दोनशे पौंडांच्या आसपास, अंगानं असा घडलेला की चित्रकारांनी मॉडेल म्हणून उभं करावं. जॅक्सन आयुष्यात जाहीररीत्या फक्त तीन वेळा लढला, त्यांतली ही शेवटची. मेंडोझाचे केस लांब होते. पाचव्या फेरीत जॅक्सननं डाव्या हातानं ते केस मुठीत धरले, डोकं खाली खेचलं आणि दुसऱ्या हातानं मारत राहिला. मेंडोझाच्या बाजूनं पंचांकडे दाद मागितली गेली. ब्रॉटनचे नियम काय सांगतात? कमरेच्या खाली धरायचं नाही. केस कमरेच्या वर असतात. दाद फेटाळली. नवव्या फेरीत, साडेदहा मिनिटांत, सगळं संपलं.

या प्रसंगापाशी मी प्रत्येक वेळी थबकतो. सरकायचं कसं, वाकायचं कसं, अडवायचं कसं, हे सगळं या माणसानं शोधलं होतं. पण सगळं शास्त्र एका गोष्टीवर उभं होतं. डोकं मोकळं पाहिजे, हलवता आलं पाहिजे. डोकंच मुठीत सापडलं की शास्त्र संपलं, उरलं फक्त वजन. जॅक्सननं नियम मोडला नाही, हे मान्य करायला हवं. ज्या ठिकाणी नियम गप्प होता ते ठिकाण त्यानं शोधलं. मेंडोझानंही वेगळ्या अर्थानं तेच केलं होतं. मागं सरकू नये असं कुठं लिहिलं होतं? पण एकाच्या शोधानं लहान माणसाला उभं राहायला जागा मिळाली आणि दुसऱ्याच्या शोधानं ती काढून घेतली गेली, हा फरक मला पुसता येत नाही. त्यानंतर लढवय्ये केस बारीक कापू लागले.

जॅक्सन त्या दिवसानंतर लढला नाही. त्यानं बाँड स्ट्रीटवर १३ नंबरच्या जागेत शिकवणीचे वर्ग काढले. उमराव आले, कवी बायरन आला. चौथ्या जॉर्जच्या १८२१च्या राज्याभिषेकात बंदोबस्ताला त्याचे बॉक्सर उभे होते. जी विद्या मेंडोझानं कॅपेल कोर्टात शिकवली, तिला बाँड स्ट्रीटवर प्रतिष्ठा मिळाली.

मेंडोझाच्या वाट्याला दुसरं आलं. पैसा त्याच्या हाती कधी टिकला नाही. कर्जासाठी तुरुंग झाला. लष्करभरतीसाठी माणसं मिळवायचं काम केलं, शेरीफच्या कचेरीत काम केलं, व्हाइटचॅपलमध्ये ॲडमिरल नेल्सन नावाची पानशाळा चालवली. १८०६ साली, चाळिशी उलटल्यावर, हॅरी लीशी त्रेपन्न फेऱ्या लढला आणि जिंकला.

आणि मग १८०९. त्या वर्षाबद्दल बोलणं टाळता येईल, पण टाळू नये. आदल्या वर्षी कॉव्हेंट गार्डनचं नाटकगृह जळालं होतं. ते नव्यानं बांधून सप्टेंबर १८०९मध्ये उघडलं तेव्हा व्यवस्थापक जॉन केंबल यानं तिकिटं वाढवली आणि वरची एक रांग श्रीमंतांच्या खासगी खोल्यांना दिली. प्रेक्षक चिडले. जुनेच दर पाहिजेत म्हणून रोज रात्री नाटक सुरू झालं की आरोळ्या, घंटा, शिट्ट्या, फलक. सदुसष्ट रात्री हे चाललं. केंबलनं प्रेक्षकांना आवरायला बॉक्सर भाड्यानं आणले. त्यांत डच सॅम होता आणि मेंडोझाही होता. जे लोक एकेकाळी मशाली घेऊन त्याच्यासाठी गात होते, त्याच थरातल्या लोकांवर तो आता हात उचलत होता. फलकांवर ज्यूंविरुद्ध मजकूर झळकू लागला. शेवटी केंबलला माफी मागावी लागली, पिटाचे, म्हणजे रंगमंचापुढच्या खालच्या जागांचे, दर जुने करावे लागले. मेंडोझाला मात्र झालेलं नुकसान भरून काढता आलं नाही.

त्याची बाजू घेऊन मी म्हणेन की घरात पोरंबाळं पुष्कळ होती आणि कर्ज होतं. पण त्याच्या हातून चूक झाली, हेही म्हणायला हवं. वीस वर्षांपूर्वी त्यानं जे समाजाला कमावून दिलं होतं, त्यातलं बरंच त्या काही रात्रींत गेलं. दुबळ्यांना उभं राहायला शिकवलेली विद्या त्यानं नाटकगृहाच्या मालकाला दिवसाच्या मजुरीवर दिली. आणि आणखी एक गोष्ट खटकते. फलक लिहिणाऱ्यांनी भाड्यानं आलेल्या बिगर-ज्यू बॉक्सरांचा धर्म काढला नाही. गुन्हा सगळ्यांचा, शिक्षा एका समाजाला.

१८१६ साली त्याचं आत्मचरित्र निघालं. ४ जुलै १८२० रोजी, वयाच्या पंचावन्नच्या आसपास, तो बॅनस्टेडच्या माळावर टॉम ओवेनशी शेवटची लढत लढला. बारा फेऱ्यांनंतर हरला. पुढं एका मदत-प्रयोगात त्यानं जमलेल्यांपुढं भाषण केलं आणि या शास्त्राचा जनक म्हणवून घेण्याचा मला हक्क आहे, असं सांगितलं. समोर बसलेल्या तरुण बॉक्सरांपैकी प्रत्येक जण त्यानं शोधलेल्या पावलांवर उभा होता. ३ सप्टेंबर १८३६ला तो गेला, सत्तरी ओलांडून, गरिबीत.

त्याला माईल एंडच्या सेफार्दी दफनभूमीत पुरलं. १९७०च्या दशकात शेजारच्या क्वीन मेरी कॉलेजला जागा हवी होती. तेव्हा हजारो थडगी उकरून अस्थी एसेक्समध्ये ब्रेंटवूडला हलवल्या, त्यांत त्याच्याही गेल्या. कॉलेजच्या आवारात आता त्याच्या नावाची पाटी आहे.

दुसरी पाटी बेथनल ग्रीनमध्ये, पॅराडाइज रो या गल्लीत, ३ नंबरच्या घरावर आहे. त्या घरात राहून त्यानं 'द आर्ट ऑफ बॉक्सिंग' लिहिलं. त्या पुस्तकाची सुरुवात ठोशापासून होत नाही. शरीराचा तोल आपल्या ताब्यात हवा, हे तो पहिल्यांदा सांगतो. उजव्याचा डावा पवित्रा करता यावा, पुढं जाता यावं, मागं सरकता यावं, मारता यावं, अडवता यावं, आणि हे सगळं करताना पाय अडखळू नये. मग गुडघे थोडे वाकवायचे, पोट आत घ्यायचं, छाती पुढं झुकवायची. त्यानंतरच तो शिष्याला पहिला हात उचलू देतो.